मदत हवी आहे: १९७१ च्या लढाईत बाबांना लागलेली जखम लष्कराच्या कागदांत 'अपघात' म्हणून आहे, ती दुरुस्त कशी करून घ्यावी?

मानेवाड्याची_लेक

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

काही महिन्यांपूर्वी बाबांची कंबर धरली. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला म्हणून त्यांना नागपूरला धंतोलीतल्या एका सेंटरवर घेऊन गेले. आत नेण्याआधी तिथला मुलगा फॉर्म भरून घेत होता. पेसमेकर? नाही. शरीरात रॉड, स्क्रू, काही धातू? नाही. मग बाबांनी गाऊन घातला आणि त्याला डाव्या मांडीवरचा खड्डा दिसला. "आजोबा, हे काय?" बाबा म्हणाले, "ते जुनं हाय, लढाईतलं." त्याने तिथेच सगळं थांबवून आधी साधा एक्स-रे काढायला लावला. हाडाच्या बाजूला धातूचे तीन तुकडे. सगळ्यात मोठा तुरीच्या दाण्याएवढा. चुंबकाच्या त्या मशीनमध्ये असे तुकडे हलू शकतात, म्हणून एमआरआय रद्द झाला आणि सीटी स्कॅनवर काम भागवलं.

लहानपणी आम्ही भावंडं त्या खड्ड्यात बोट घालून खेळायचो. आत अजून लोखंड आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं आणि बाबांनाही नाही.

घरी येऊन मी त्यांची फाइल काढली. बाबा काटोलकडच्या खेड्यातून १९६६ साली पायदळात भरती झाले आणि १९८३ ला नाईक म्हणून निवृत्त झाले. पेन्शन सुरू आहे. रेजिमेंटचं नाव आणि नंबर इथे मुद्दाम देत नाही. पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, ७१ च्या लढाईची ही दोन्ही पदकं डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवापुस्तकात, नोंदलेली आहेत. जखमेबद्दल मात्र एक ओळ नाही.

मी बाबांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, पत्र पाठवलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. त्याचा आशय असा: आमच्याकडच्या वैद्यकीय कागदांनुसार सदर जवान १९ डिसेंबर १९७१ रोजी डाव्या मांडीच्या इजेसाठी रुग्णालयात दाखल झाला, कारण अपघात, बॅटल कॅज्युअल्टीचा (शत्रूच्या कारवाईत जखमी झाल्याचा) कोणताही अहवाल उपलब्ध नाही, सबब विचार करता येत नाही.

पश्चिम सीमेवर युद्धबंदी झाली १७ डिसेंबरला रात्री ८ वाजता. म्हणजे कागद म्हणतो, लढाई संपल्यावर दोन दिवसांनी हा माणूस कुठेतरी पडला.

बाबा सांगतात ते असं. त्यांची पलटण सीमेपलीकडे पाकिस्तानातल्या शकरगड भागात होती, बसंतर नदीच्या पलीकडे. १६ तारखेच्या रात्री मोर्टारचा मारा सुरू असताना मांडीत छर्रे घुसले. खिशातली फील्ड ड्रेसिंग जोडीदाराने बांधली. आरएपीत, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरच्या ठाण्यावर, पट्टी बदलली आणि इंजेक्शन दिलं. मागे जायला सांगितलं, पण हे गेले नाहीत. कंपनीत माणसं आधीच कमी झाली होती आणि पुन्हा हल्ला येणार असं सगळे म्हणत होते. ते आपल्या खंदकात परत गेले. पुढे पाय सुजला, ताप चढला, तेव्हा १९ ला ॲम्ब्युलन्समध्ये घालून नेलं.

मी म्हटलं, बाबा, त्या वेळी तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? म्हणाले, "कोनाले सांगू वं? माह्याहून मोठं लागलेले बाजूला पडले होते."

आता ते मला "जाऊ दे" म्हणतात. पण तो 'अपघात' शब्द वाचून दाखवला तेव्हा ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. ७७ वर्षांचे आहेत. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, हा शब्द तिथून निघायला हवा. कुठून सुरुवात करू?

निवृत्त_हेडक्लार्क

ताई, जय हिंद. बाबांना माझा सॅल्यूट सांगा.

मी २२ वर्षं हेच कागद सांभाळले आहेत. रुग्णालयाच्या रजिस्टरात दाखल झाल्याची तारीख असते. इजा कधी झाली ती तारीख पलटणीकडून यावी लागते. तेव्हा पलटण कॅज्युअल्टीचा सिग्नल, म्हणजे जखमी झाल्याचा संदेश, पाठवायची, त्यावरून रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीत बदल करणारा आदेश) काढायचं, घरी तार जायची. तुमच्या घरी तार आली होती का? आली नसेल तर साखळी पहिल्याच कडीला तुटली आहे. आरएपीत पट्टी करून खंदकात परतलेल्या जवानाचा सिग्नल त्या रात्रींच्या धावपळीत राहून जाणं सहज शक्य आहे. पुढे रुग्णालयात कुणीतरी 'इजा' लिहिलं, सोबत कॅज्युअल्टीचा कागद नाही म्हणून 'अपघात' झालं.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. अपघातालाही कागद लागतो. शत्रूच्या कारवाईशिवाय इजा झाली तर आयएएफवाय-२००६ नावाचा इजा अहवाल भरावा लागतो. त्यात जवान ड्युटीवर होता का, चूक कुणाची, साक्षीदार कोण, हे सगळं येतं आणि कमांडिंग ऑफिसरची सही असते. इजा गंभीर असेल तर चौकशी बसते. ते म्हणतात बॅटल कॅज्युअल्टीचा अहवाल नाही. बरं, मग अपघाताचा अहवाल दाखवा. तोही नसेल तर 'अपघात' हा शब्द कशाच्या आधारावर उभा आहे?

बाबांच्या स्वतःच्या नावाने आरटीआय टाका, तुमच्या नावाने नको. माहिती त्यांची आहे, तुम्ही मागितली तर खासगी म्हणून अडवतील. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'सगळे कागद द्या' असं लिहू नका, नेमकं मागा: शीट रोल (जवानाच्या नोकरीचा मूळ नोंदपट), भरतीचा फॉर्म, डिसेंबर १९७१ ते मार्च १९७२ च्या त्यांच्याबाबतच्या पार्ट टू ऑर्डर, रुग्णालयात दाखल आणि डिस्चार्ज झाल्याचे कागद, इजा अहवाल, चौकशी झाली असेल तर तिची प्रत, आणि निवृत्तीच्या वेळचा मेडिकल बोर्ड. २५ वर्षांनी कागद नष्ट केले असं उत्तर पेन्शन नसलेल्यांना बऱ्याचदा मिळतं. बाबांना पेन्शन आहे, त्यांचा शीट रोल असायला हवा.

आणि आज रात्रीच डिस्चार्ज बुक उघडून ओळखीच्या खुणांचा रकाना बघा. काय लिहिलंय ते इथे टाका.

मानेवाड्याची_लेक

काका, पाहिलं. 'डाव्या मांडीवर व्रण' असं लिहिलंय. इतकी वर्षं ते पान आमच्या डोळ्यांसमोर होतं. तार कधीच आली नव्हती, आजी नेहमी सांगायची.

निवृत्त_हेडक्लार्क

भरतीच्या फॉर्मवर पण हाच रकाना असतो. १९६६ च्या फॉर्मवर मांडीचा व्रण नसेल आणि १९८३ च्या बुकात असेल, तर जखम नोकरीत झाली हे लष्कराच्याच दोन कागदांनी सिद्ध होतं. म्हणून तो फॉर्म मागायला सांगितला.

काटोल_नाका

ताई, माझ्या सासऱ्यांच्या केसमध्ये आम्ही यातून गेलो आहोत, १९६५ च्या लढाईची. एकच सांगते, साक्षीदार शोधायला उद्यापासून लागा. आम्ही कागदांच्या मागे दीड वर्ष घालवलं आणि तेवढ्यात त्यांचे दोन जोडीदार गेले. तिसरे जळगावकडे होते. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना माणूस ओळखू येत होता, पण लढाई आठवत नव्हती.

बाबांना नावं विचारा. शेजारच्या खंदकात कोण होतं, पट्टी कुणी बांधली, स्ट्रेचर कुणी उचललं. पायदळात लढाईच्या वेळी बँडवालेच स्ट्रेचर उचलतात, हे मला सासऱ्यांकडूनच कळलं. आम्हाला मदत झाली ती एका बँडवाल्याचीच. त्याला प्रत्येक माणूस आठवत होता, कारण त्याने प्रत्येकाला पाठीवर घेतलं होतं.

प्रत्येक साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करा, त्यात त्याचा आर्मी नंबर आणि कंपनी लिहा, त्याच्या डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा. तो त्या पलटणीत होता याचाच पुरावा नसला तर पत्राला वजन राहत नाही. बाबांचंही सविस्तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. वय झालंय, नंतर करू असं म्हणू नका.

मजकूर त्यांच्याच तोंडचा ठेवा. आमच्या पहिल्या वकिलाने तिघांच्या नावाने एकच परिच्छेद तीनदा छापला होता. तिन्ही कागद आम्हाला पुन्हा करावे लागले.

वकील_सिव्हिल_लाइन्स

वर दिलेला सल्ला योग्य आहे. फक्त आपण तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, नाहीतर एकीमुळे दुसरी अडेल.

पहिली, नोंद दुरुस्ती: जखम १६ डिसेंबर १९७१ रोजी शत्रूच्या माऱ्यात झाली आणि वर्ग बॅटल कॅज्युअल्टी. दुसरी, पदक: शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना मिळतं ते पराक्रम पदक, आधी त्याला वूंड मेडल म्हणत. नोंद सुधारली की त्यासाठी अर्ज करता येतो. तिसरी, वॉर इंज्युरी पेन्शन, आणि इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. त्यासाठी मेडिकल बोर्डाने किमान २० टक्के अपंगत्व ठरवावं लागतं. निवृत्तीच्या वेळी बाबांची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा वर्ग, काय होती? सगळ्यात वरची, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असेल तर हा रस्ता चढणीचा आहे.

५० वर्षांच्या उशिराची भीती बाळगू नका. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की पेन्शनसारखं नुकसान दर महिन्याला नव्याने होत असतं, त्यामुळे दावा निव्वळ उशिरामुळे मरत नाही. थकबाकी मात्र साधारण मागच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. नोंद आणि पदकाला हा निकाल सरळ लागू होत नाही, तिथे उशिराचं कारण नीट मांडून विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. एक्स-रेमध्ये तुकडे आत्ता दिसले, हे कारण चांगलं आहे.

आपलं पहिलं पत्र हे 'विनंती' होतं. आता पुराव्यांसह रीतसर निवेदन द्या. ते फेटाळलं तर त्या तारखेपासून ६ महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं, महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ. उत्तरच आलं नाही तर ६ महिने वाट पाहायची आणि पुढच्या ६ महिन्यांत दाखल करायचं. निवेदनाची पोचपावती जिवापाड जपा.

एक्स-रेवर रेडिओलॉजिस्टचा लेखी अभिप्राय घ्या: तुकडे धातूचे आहेत, संख्या, जागा, आजूबाजूच्या खुणा जुन्या आहेत का. पडून झालेल्या इजेत मांडीत लोखंडाचे तीन तुकडे जात नाहीत. तारखेचा वाद नंतर, कारणाचा वाद या एका फिल्मने बराचसा मिटतो.

मानेवाड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅटेगरी सगळ्यात वरचीच होती. जखमेनंतर सुरुवातीला सहा महिने खालची होती, मग वर आणली. बाबा म्हणतात, "मीच डॉक्टरले म्हनलो, साहेब बरा हाय, पलटनीत जाऊ द्या." म्हणजे पेन्शनचं समजून घेतलं. नोंद आणि पदक, एवढंच लढायचं.

आता नवीन. काल काटोलच्या घरी आजीची ट्रंक उघडली. लग्नातल्या लुगड्याखाली एक अंतर्देशीय पत्र निघालं. बाबांनी दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलंय, अक्षर त्यांचं नाही. पत्ता ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा. जागेचं नाव नाही, तेव्हा लिहू देत नसत. मजकूर मोजून सहा ओळींचा. त्यातली तिसरी ओळ तशीच्या तशी देते:

"चार दिवसा आगोदर रात्री मांडीले लागले, आता दवाखान्यात हाये, हाडाले काही नाही, मायले सांगजो रडू नको."

पत्रावर तारीख नाही. पण फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का आहे आणि त्यात २० डिसेंबर १९७१ स्पष्ट वाचता येतं.

वीसातून चार गेले सोळा. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. आजीला वाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी तिला ते वाचून दाखवलं असणार आणि तिने ते ५० वर्षं ठेवलं.

निवृत्त_हेडक्लार्क

ताई, ते पत्र लॅमिनेट करू नका. गोंद, टेप काही लावू नका. दोन्ही बाजूंचं रंगीत स्कॅनिंग करा, शिक्क्याचा वेगळा मोठा फोटो घ्या. मूळ पत्र कुणालाही पोस्टाने पाठवायचं नाही, कितीही मोठ्या ऑफिसने मागितलं तरी. साक्षांकित प्रत द्यायची आणि मूळ पत्र सुनावणीत दाखवायचं.

शिक्क्यात तारखेसोबत एफपीओचा, म्हणजे त्या फील्ड पोस्ट ऑफिसचा, नंबर असेल. ते पोस्ट ऑफिस त्या वेळी कुठल्या फॉर्मेशनसोबत (ब्रिगेड, डिव्हिजन वगैरे) होतं हे कळलं तर बाबा कुठून मागे आणले गेले तेही जुळेल.

मानेवाड्याची_लेक

नंबराचे पहिले दोन आकडे दिसतात, तिसरा घडीवर पुसलाय. इथे लष्करी टपालाचे शिक्के जमवणारं कुणी असेल तर मला व्यक्तिगत संदेश करा, फोटो पाठवते.

सोमवारी बाबांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निवेदनाचा मसुदा दाखवायला जाणार आहे. पट्टी बांधणारे जोडीदार अमरावती जिल्ह्यात आहेत, हयात आहेत, काल त्यांच्या सुनेशी बोलले. मी विचारायच्या आधीच मागून त्यांचाच आवाज आला, "डावी मांडी ना?" रविवारी पहाटेच्या बसने निघतोय. बाबा म्हणाले, मी पण येतो.