मदत हवी आहे: बॅटरी नवी, तरीही सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मधूनमधून लागत नाही. दोष अर्थिंगचा असू शकतो का?

नमस्कार. वाहनांच्या वायरिंगचे काम ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे, अशा सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे.

गाडी २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची छोटी हॅचबॅक असून ती पुण्यात वारज्याला आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. पावसाळा सुरू झाल्यापासून चावी फिरवल्यावर कधीकधी बोनेटखालून केवळ एकच ‘खट्’ असा आवाज येतो आणि इंजिन अजिबात फिरत नाही. थोड्या वेळाने पुन्हा चावी फिरवली तर गाडी कधी पहिल्या झटक्यात चालू होते, कधी पुन्हा तोच आवाज येतो. दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून क्लच सोडला की मात्र ती हमखास सुरू होते व पुढे चालताना काहीही त्रास देत नाही, त्यामुळे पेट्रोलपंप, प्लग किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) यांचा येथे संबंध नसावा असे मला वाटते.

प्रथम बॅटरीवर संशय घेऊन ती बदलली, पण लक्षणात फरक पडला नाही. त्यानंतर एका गॅरेजमध्ये संपूर्ण सेल्फ मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरीकडे सेल्फ उघडून कार्बन ब्रश आणि सोलेनॉइड (चावी फिरवताच सेल्फला बॅटरीची वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) बदलावे असे सांगण्यात आले. अर्थिंगचे, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या मायनसकडे प्रवाह परत नेणाऱ्या जोडणीचे काय, असे मी विचारले असता मीटर लावून वायर अखंड असल्याची ‘बीप’ ऐकवण्यात आली आणि अर्थिंग उत्तम असल्याचे सांगण्यात आले.

मी स्वतः साध्या मल्टिमीटरने घेतलेली मापे अशी आहेत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळतात. सेल्फ लागत नाही त्या वेळी चावी धरून ठेवली तरी बॅटरीच्या खुंट्यांवर ११.९ व्होल्ट राहतात, आणि हेडलाइट जवळजवळ तितकेच प्रखर दिसतात. इंजिन चालू असताना दिवे व एसी लावले की बॅटरीवर सुमारे १३.५ व्होल्ट येतात. अर्थिंगवरच्या संशयाचे मुख्य कारण हेडलाइट हेच आहे, कारण बॅटरी कमजोर असती तर चावी फिरवताच ते मंदावले असते.

वडिलांना डायलिसिससाठी नेमाने रुग्णालयात न्यावे लागते आणि तेथून निघताना गाडी अडणे परवडणारे नाही. खर्च करण्याची तयारी आहे, परंतु दोष नेमका कोठे आहे हे मोजून सिद्ध झाल्याशिवाय भाग बदलत राहणे मला पटत नाही. पुढचे माप कोठे घ्यावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सेल्फचा रिले (थोड्या प्रवाहावर चालणारा स्विच) आणि क्लच पेडलचा स्विच आधी पाहावा. उघड्यावर उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही तपासावे.

प्रतिसाद २

‘खट्’ हा आवाज सोलेनॉइडचा असेल, तर चावी, क्लच स्विच आणि रिले हे तिघेही आपले काम करत आहेत, कारण त्यांच्यातूनच सोलेनॉइडला वीज पोहोचते. आवाज नेमका सेल्फमधूनच येतो की फ्यूजच्या डब्यातील रिलेमधून, एवढे बोनेट उघडून आणि दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगून एकदा खात्री करून घ्यावे.

आपल्या मापांमधील सर्वांत बोलके माप ११.९ हे आहे. सेल्फ आतून जाम झाली असती, तर तिने प्रचंड प्रवाह ओढला असता आणि बॅटरी १० व्होल्टच्याही खाली गेली असती. व्होल्ट टिकून राहिले याचा अर्थ प्रवाह वाटेतच अडतो आहे. आता वाट तीन ठिकाणी अडू शकते: बॅटरीच्या प्लसपासून सेल्फपर्यंतची केबल, सेल्फच्या आतील संपर्क व ब्रश, किंवा इंजिनकडून बॅटरीच्या मायनसकडे परत येणारी अर्थिंग केबल.

‘बीप’ने यांतील काहीही सिद्ध होत नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण याच एका चाचणीवर विसंबून चांगल्या सेल्फ मोटारी भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. केबलच्या शेकडो तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो, कारण त्या चाचणीत मीटर अगदी क्षुल्लक प्रवाह सोडतो. सेल्फला मात्र छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. जोडावर ०.०१ ओहम इतका नगण्य रोध आला, तरी १२० अँपिअरला तेथे १.२ व्होल्ट खाल्ले जातात. इतका लहान रोध साध्या मीटरच्या ओहमच्या पट्ट्यावर मोजताच येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याच्या कितीतरी पट असतो. तो प्रवाह वाहत असतानाच आणि व्होल्टमध्येच मोजावा लागतो.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या प्रत्यक्ष खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, टेकवावी आणि लाल पिन इंजिनच्या रंग नसलेल्या, स्वच्छ धातूवर टेकवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावे. चांगल्या अर्थिंगमध्ये येथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा येतो. याच पद्धतीने प्लसची खुंटी आणि सेल्फवरील जाड बोल्ट यांच्यामध्ये मोजावे, तेथे ०.५ व्होल्टपर्यंत चालते. दोन्ही आकडे योग्य आले आणि तरीही सेल्फ फिरली नाही, तरच सेल्फ उतरवावी.

मीटरशिवायही खात्री करता येते. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे इंजिन उचलण्याच्या हुकला लावून सेल्फ मारावी, मात्र केबल पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावी. ही वाट दिल्यावर इंजिन झटक्यात फिरले, तर दोष अर्थिंगचाच.

आपल्या १३.५ कडेही माझे लक्ष गेले. अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) अर्थिंग इंजिनमधूनच होते, त्यामुळे तो स्वतः १४ व्होल्टच्या वर देत असला तरी खराब जोड चार्जिंगच्या व्होल्टमधूनही थोडा भाग गिळतो. क्लचची केबल हाताला गरम लागते का, हेही पाहावे. इंजिनला नीट अर्थिंग नसेल तर प्रवाह क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या पोलादी केबलमधून बॉडीकडे वाट शोधतो.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले मनापासून आभार. आवाज सोलेनॉइडचाच आहे. सेल्फ लागत नसताना इंजिन आणि मायनसची खुंटी यांच्यामध्ये सहा व्होल्टच्या वर आकडा गेला. लागते तेव्हा तो १.३ असतो. प्लसच्या बाजूला ०.२ च आला. जंपर केबल लावल्यावर इंजिन दर वेळी ताबडतोब फिरले. क्लचची केबल खरोखरच गरम लागत होती.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर कारण डोळ्यांसमोर आले. मायनसची केबल गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमच्या भागाला जेथे बोल्टने बसवली आहे, तेथे पांढरट-हिरवा थर साचला होता, आणि लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्याच्या) तोंडाशी आवरणाखालच्या तारा काळ्या पडून बहुतेक तुटल्या होत्या. जुन्या बॅटरीतून झिरपलेले आम्ल आणि पावसाचे पाणी दोन्ही नेमके तेथेच उतरत असावे. नाना पेठेतून तितक्याच जाडीची केबल तांब्याच्या लगसह आणली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने उजळली, आवळली आणि वरून व्हॅसलीन लावले. आता तेच माप ०.१ व्होल्ट येते, आणि दिवे व एसी लावूनही चार्जिंग १४.१ मिळते. सेल्फला हातही लावावा लागला नाही.

एकच शंका उरली आहे. क्लचच्या केबलमधून इतका प्रवाह गेला असेल, तर ती तशीच ठेवावी का?

प्रतिसाद २

ठेवू नये. उष्णतेने केबलच्या आतील प्लास्टिकचे अस्तर मऊ होऊन तारेला धरू लागते, आणि मग पेडल जड होते किंवा तार अचानक तुटते. केबल महाग नसते. वडिलांच्या पुढच्या फेरीआधी ती बदलून घ्यावी.