नाटकातल्या अडकलेल्या प्रवेशाबद्दल
भाऊ, सासू-सुनेचा प्रवेश दिवाळीपासून अडला म्हणून लिहिणंच सोडतो म्हणता? थांबा जरा. आपल्या झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातलं, नाटक तरी बारमाही कुठं असते! धान निघाला की गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक मंडळ्या बाहेर पडतात, होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांना कोणी संपले म्हणत नाही.

मला वाटते, शब्द नाही अडले. ती सून नेमकं काय लपवते, हे तुम्हीच टाळत असाल. वही मिटा. बांधावरून जाता-येता तिच्या तोंडचं मोठ्यानं बोलून पाहा, नाटकात घ्यायचंच नाही असं धरून. लोकं हसतील, हसू द्या. रोज चार पानं लिहायचा सल्ला मले काही पटत नाही. नाटक मंडळीनं प्रयोगाची तारीख घेतली असेल तर गोष्ट वेगळी.