२० मिमी बोअरचं फोर-स्ट्रोक: फटके मारतं, पण धरत नाही

बिडाची_रिंग (प्रश्न)

चौदा महिने झाले. रविवार आणि रात्रीचे दोन तास, एवढ्या वेळात स्वतः बनवत हे छोटं मॉडेल इंजिन इथवर आणलंय. एक सिलिंडर, उभं, पाण्याने थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) २० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) २४ मिमी, म्हणजे साधारण साडेसात सीसी. लायनर (सिलिंडरची आतली नळी) बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्यावर दोन बिडाच्या रिंगा. कॉम्प्रेशन पाचास एक धरलंय.

ड्रिलने फिरवलं की चार-पाच फटके मारतं, एक्झॉस्टमधून धूर येतो आणि ड्रिल काढलं की दोन फेऱ्यांत थांबतं. ठिणगी चांगली आहे. टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) आधी १५ अंश, फ्लायव्हीलवर खुणा करून तपासलंय. हाताने फिरवलं तर कॉम्प्रेशनला थोडं जड लागतं, पण तिथेच धरून ठेवलं की दोन सेकंदांत हात सैल पडतो. हवा कुठून तरी निघून जातेय.

माझा संशय रिंगांवर. तीन संच करून झाले. नळी वळवून रिंगा कापल्या, एका जागी तोडल्या, तोंडात पट्टी अडकवून लाल होईपर्यंत तापवून सेट केल्या. तोंडाची गॅप ०.०५ मिमी. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून खालून टॉर्च मारला तर कडेने कुठेच उजेड दिसत नाही. पिस्टनची फटही मुद्दाम कमी ठेवलीय, व्यासावर ०.०२. प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडून पाहिले, काही फरक पडला नाही.

आता चौथा संच करू, की हेड अर्धा मिलिमीटर घासून कॉम्प्रेशन वाढवू? हेड एकदा घासलं की परत आणता येणार नाही, म्हणून आधी विचारतोय.

तीन_जबड्यांचा_चक

हेडला हात लावू नका. ओटोचं १८७६ चं इंजिन अडीचास एकच्या आसपासच्या कॉम्प्रेशनवर चालत होतं. तुमचं पाचास एक भरपूर झालं, फक्त ते आत टिकायला हवं. लहान इंजिनात गळती फार महाग पडते. सगळी मापं निम्मी केली तर आतली हवा आठवा हिस्सा उरते, पण गळायची कड निम्मीच होते.

चौथा संचही नको. तेल टाकून फरक पडला नाही, याचा अर्थ तुम्ही स्वतःच उत्तर काढलंय. रिंगा गळत असत्या तर तेलाने थोडा वेळ तरी कॉम्प्रेशन वाढलं असतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणा, फ्लायव्हील घट्ट धरा आणि प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा सोडा. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्टला आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, क्रँककेसमधून आली तरच रिंगा. कान लावून ऐका, मग सांगा.

बिडाची_रिंग

एक्झॉस्टला स्पष्ट ऐकू येतंय, इनलेटला थोडं. क्रँककेसमध्ये जवळजवळ शांत. हेड उलटं करून चेंबरमध्ये रॉकेल ओतलं, तर अर्ध्या मिनिटात एक्झॉस्ट पोर्टमध्ये थेंब जमला. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) काउंटरसिंकने (भोकाचं तोंड तिरकं कापणाऱ्या हत्याराने) ४५ अंशात कापली होती आणि व्हॉल्व्ह ड्रिलमध्ये धरून ग्राईंडिंग पेस्टने घासला होता. चकचकीत दिसत होती, म्हणून तिथे संशयच घेतला नाही.

तीन_जबड्यांचा_चक

तिथेच आहे सगळं. काउंटरसिंक थरथरतो आणि सीटला बारीक पैलू पडतात. शिवाय गाईडच्या (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या) भोकाशी तो नेमका मध्यावर राहत नाही. मग आपण पेस्टने घासत बसतो, सीट रुंद होत जाते, आणि रुंद सीटवर त्याच स्प्रिंगचा दाब पसरून कमी पडतो. तुमच्या मापाला ०.३ मिमी रुंदी पुरते.

व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मापाचा पायलट (गाईडमध्ये शिरणारी पुढची दांडी) असलेला कटर स्वतः बनवा आणि फक्त बोटांनी फिरवा, मशीन नाही. सीट खूप रुंद झाली असेल तर गनमेटलचे वेगळे केज (सीट आणि गाईड एकत्र असलेले तुकडे) बनवा. केज हेडमध्ये ठोकून बसवू नका, भोक आवळतं. सरकफिट ठेवून उष्णता सोसणाऱ्या रिटेनरने चिकटवा आणि सीट कापायचं काम त्यानंतर, अगदी शेवटी. तपासायला व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेवर मार्कर फिरवा, हलका दाबून पाव फेरा द्या. पूर्ण, अखंड रेघ उमटली पाहिजे.

टॅपेटला (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) फट किती आहे?

बिडाची_रिंग

शून्य. आवाज नको म्हणून.

तीन_जबड्यांचा_चक

०.१ ठेवा. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. फट नसेल तर उत्तम सीटसुद्धा उघडीच राहते.

कानस_आणि_डायल

सीटचं पटलं. पण पिस्टनची ०.०२ फट वाचून राहवलं नाही. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीहून थोडं जास्त फुगतं. २० मिमीचा पिस्टन १५० अंशांनी तापला तर सुमारे ०.०७ वाढेल, लायनर तितकाच तापला तरी ०.०३. फरक ०.०४ चा, आणि तुमची फट त्याच्या निम्मी. शिवाय तुमच्या लायनरभोवती पाणी आहे, तो पिस्टनइतका तापणारच नाही. आजवर इंजिन धरत नव्हतं म्हणून पिस्टन वाचलाय. सीट नीट झाली की पहिल्याच लांब रनला तो जाम होईल. फट ०.०७ करा. हवा अडवणं रिंगांचं काम, पिस्टनचं नाही.

आणि कृपया खिडकी-दार उघडं ठेवून चालवा. एवढंसं इंजिनही बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठवतं. पेट्रोलची बाटली टेबलावर नको, आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा.

बिडाची_रिंग

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण तुमचं ऐकून सगळं नीट करायचं ठरवलं होतं.

जुनी सीट भिंगाखाली पाहिली. एक मिलिमीटर रुंद राखाडी पट्टा, त्यावर घड्याळाच्या काट्यासारख्या आडव्या बारीक खुणा. मार्करची रेघ दर वेळी एकाच जागी तुटायची, पोर्टच्या बाजूला. दोन्ही केज नवे केले, गाईड आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये वळवला, चिकटवले, रात्रभर ठेवले. मग बोटांनी कटर. सहा-सात हलके फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर पुसून बघायचं. एक्झॉस्टची रेघ पूर्ण जुळली तेव्हा मी ती अर्धा तास टॉर्चखाली नुसती बघत बसलो होतो. रॉकेल तासभर ठेवलं, पोर्ट कोरडं.

पिस्टन ०.०५ ने उतरवला, टॅपेटला ०.१ ची फट दिली. रिंगा त्याच ठेवल्या, तिसऱ्या संचातल्या.

जोडून झाल्यावर फ्लायव्हील हाताने कॉम्प्रेशनवर नेलं आणि सोडलं. ते उलटं उसळलं! चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

शनिवारी संध्याकाळी, दार उघडं ठेवून, ड्रिल लावलं. दुसऱ्याच फेरीला धरलं. ड्रिल काढलं तरी चालूच. कार्ब्युरेटरची सुई पाव फेरा आत घेतल्यावर आवाज एकसारखा झाला, हेडमधून कोमट पाणी वर येताना दिसलं. तीन मिनिटं चाललं, मग खोकत खोकत बंद पडलं. परत लावलं, परत तीन मिनिटं. टाकीत निम्मं पेट्रोल होतं. झाकण उघडलं तर आत हवा ओढल्याचा आवाज आला. हवेला वाटच ठेवली नव्हती मी. झाकणाला एक मिलिमीटरचं भोक पाडलं. काल अकरा मिनिटं चाललं आणि मी स्वतः बंद केलं.