शेळ्यांच्या मानेला दोन भोकं, रक्ताचा टिपूस नाही, काय प्रकार असेल?

सायखेडकर:
परवा पहाटे चारला उठलो तर गोठ्यात पाच शेळ्या आडव्या, त्यातली एक गाभण. मानेला दोन-दोन भोकं, खाली रक्त नाही आणि मांस तर एकीचंही खाल्लेलं नाही. कुत्रं भुंकलंच नाही, ट्रॉलीखाली शेपूट घालून बसलेलं. गावात एकच चर्चा की काहीतरी येऊन रक्त पिऊन जातंय, आईने तर उताऱ्याची तयारी केलीय. कुणाला अनुभव?

ऊसवाला_निफाड:
भाऊ, सायखेडा म्हणजे गोदाकाठ, चारी बाजूंनी ऊस आणि तुम्ही भूत शोधताय 😀 बिबट्या आहे. तो नरडं धरतो आणि दम कोंडेपर्यंत सोडत नाही, ती भोकं म्हणजे सुळे. कुत्रं गप्प बसलं म्हणालात तिथंच कळलं. पाच मारून खाल्ली का नाही, तर रानात एक धरली की बाकीच्या पळून जातात, बंद गोठ्यात नुसत्या धडपडत राहतात, आणि समोर हालचाल दिसली की तो मारतच सुटतो. मोकाट कुत्री असती तर मांड्या न पोट फाडलं असतं. शेळ्या हलवू नका, वनविभागाला 1926 वर कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई नाही.

पशुमित्र:
रक्ताचं सांगतो. सुळे रुतलेले असतात तोवर भोक बंदच, आणि हृदय थांबलं की रक्त बाहेर येणार कसं, ते शरीराच्या खालच्या बाजूला उतरून साकळतं. पण स्वतः सुरी लावू नका, डॉक्टरांना बोलवा. नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त येत असेल तर काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, ती माणसालाही होते.

नुसता_वाचक:
अमेरिकेत 1970 च्या दशकात गायींचं हेच झालेलं, डोळे, जीभ, सड गायब, लोक म्हणे उडत्या तबकड्या. 1979 ला आर्कान्सातल्या वॉशिंग्टन काउंटीच्या शेरीफने मेलेली गाय शेतात टाकून पाळत ठेवली, दोन दिवसांत फुगून कातडी उसवली, थेट चाकूने कापल्यासारखी, बाकीचं माश्या-अळ्यांनी साफ केलं. आपल्याकडे पण कावळा आधी डोळाच टोचतो की.

सायखेडकर:
डॉक्टर आणि वनविभागवाले येऊन गेले. एकीचं नरडं सोललं तर भोक बाहेरून शेंगदाण्याएवढं आणि आत तळहाताएवढं रक्त साकळलेलं, पत्र्याच्या कडेला ओरखडेही सापडले. आईला दाखवलं तर म्हणे, मग लिंबं आणलीत त्यांचं काय करू.