चर्चा: रसेल मार्टिन यांचा पझेशनचा (बॉल सतत आपल्याकडे ठेवण्याचा) हट्ट टीमला नडला का?

अर्धीरेषा (धागाकर्ता)

१७ ऑगस्ट २०२४. प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये) परतल्यावर मॅनेजर मार्टिन यांच्या साउदॅम्प्टनचा पहिला सामना, न्यूकॅसलच्या मैदानावर. न्यूकॅसलच्या शेअरला अर्ध्या तासाच्या आतच रेड कार्ड मिळालं, म्हणजे तासाभराहून जास्त वेळ समोर दहाच खेळाडू. बॉल तीन-चतुर्थांशाहून अधिक वेळ साउदॅम्प्टनकडे. आणि निकाल १-० पराभव! तो गोलसुद्धा आपणहून दिलेला. गोलकीपर मॅकार्थी जवळचा पास द्यायला गेला, बॉल इसाकला मिळाला, त्याने जोएलिंटनकडे दिला, संपलं.

मार्टिन यांच्या पद्धतीच्या दोन्ही मर्यादा त्या एका सामन्यात दिसल्या. समोरच्याने प्रेस केलं (पुढे धावून दबाव टाकला) की बॉल नको तिथे हरवतो, आणि तो मागे सरून बसला की बॉल बॉक्सबाहेर नुसता डावीकडून उजवीकडे फिरतो. पुढचे चार महिने तेच चाललं. १६ सामने, एक विजय, दोन बरोबरी, ५ गुण. डिसेंबरमध्ये टॉटनहॅमने घरच्या मैदानावर ५-० ने हरवलं आणि त्याच रात्री त्यांना काढलं.

पझेशन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण दुसरी वाट हाताशी ठेवायचीच नाही, हे मला मान्य नाही. त्याची किंमत खेळाडू मोजतात. पास चुकला की कॅमेरा गोलकीपरच्या चेहऱ्यावर जातो.

कॉर्नरफ्लॅग

साफ असहमत. मार्टिन गेल्यानंतरचे २२ सामने कुणी मोजत नाही. माणसामागे माणूस लावणारे इव्हान युरिच आले, पद्धत पूर्ण बदलली. गुण किती मिळाले? ७. सामन्यामागे सरासरी काढा: आधी ०.३१, नंतर ०.३२. सात सामने शिल्लक असतानाच टीम रेलिगेट झाली, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणं पक्कं झालं. पद्धतच गुन्हेगार असती तर ती काढल्यावर काही फरक पडायला नको होता का?

आणि ही टीम वर आली कशामुळे? याच हट्टामुळे. २०२३-२४ मध्ये सलग २५ सामने न हरण्याचा क्लबचा विक्रम केला, मे २०२४ मध्ये वेम्बलीवर प्ले-ऑफ फायनलमध्ये लीड्सला १-० हरवलं. वर येताना जे धैर्य म्हणायचं, त्यालाच खाली जाताना हेकटपणा म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

साईडनेट

एक तांत्रिक गोष्ट. २०१९ मध्ये नियम बदलला. त्याआधी गोल किकचा बॉल पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय खेळता येत नसे. आता किक मारताक्षणी तो खेळात येतो. त्यामुळे सेंटर बॅक गोलकीपरच्या शेजारी उभा राहून पास घेऊ शकतो. प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचं आणि त्याच्या पाठीमागे तयार झालेल्या मोकळ्या जागेत घुसायचं, हा त्यातला हिशोब. पण घुसायला वेगवान पाय लागतात. ते नसतील तर तुम्ही फक्त प्रतिस्पर्ध्याला आपल्या गोलजवळ बोलावता.

दहानंबर

कॉर्नरफ्लॅग, टीमच कमकुवत होती हे साउदॅम्प्टनपुरतं मानतो. रेंजर्सचं काय? स्कॉटलंडमध्ये सेल्टिक सोडली तर पैशाने आणि खेळाडूंनी त्यांच्या बरोबरीची टीम नाही. २०२५ मध्ये मार्टिन तिथे गेले. मदरवेल, डंडी, सेंट मिरन, फॉलकर्क, चारही सामने १-१. लीगमधल्या सात सामन्यांत एकच विजय. क्लब ब्रुगकडून दोन सामने मिळून ९-१. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच नारळ. तिथे बहुतेक वेळा समोरच्या टीमच कमकुवत होत्या, त्या मागे बसल्या आणि ह्यांना कुलूप उघडता आलं नाही.

मोरोक्कोने २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनचं हेच केलं. स्पेनचे हजाराहून जास्त पास, १२० मिनिटांत गोल शून्य, आणि शूटआउटमध्ये एकही पेनल्टी आत गेली नाही.

कॉर्नरफ्लॅग

त्या स्पेनचे कोच लुईस एन्रिके होते. त्यांनी विचार सोडला नाही, आणि २०२५ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्यांच्या पीएसजीने इंटरला ५-० ने हरवलं. व्हिन्सेंट कोंपनी यांचंही तसंच. बर्नलीला १०१ गुणांनी चॅम्पियनशिप (इंग्लंडची दुसऱ्या स्तराची लीग) जिंकून दिली, पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये २४ गुणांवर रेलिगेट झाले, सगळ्यांनी हेकट म्हटलं. बायर्नने त्यांनाच बोलावलं आणि पहिल्याच मोसमात बुंडेसलिगा (जर्मनीची अव्वल लीग) जिंकली. रेंजर्समध्ये नवे मालक, नवे खेळाडू, सगळीच नवी घडी होती. १७ सामन्यांत कुणाची परीक्षा होते?

अर्धीरेषा

एन्रिके यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पीएसजीच्या टीममध्ये बॉल हरवला की पुढचे तिघं त्याच क्षणी तुटून पडतात, आणि डेंबेले, दुए, क्वारात्स्खेलिया समोरच्याला एकट्याने चकवू शकतात. तिथे पझेशनच्या जोडीला बरंच काही आहे. स्पेननेही २०२४ च्या युरोमध्ये यमाल आणि निको विल्यम्स यांना विंगवर ठेवून थेट खेळ केला. क्रोएशियाकडे बॉल जास्त वेळ होता आणि स्पेन ३-० ने जिंकला.

ग्वार्डिओला यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. लहान पासचा आग्रह त्यांच्याइतका कुणाचा? तरी २०१८ मध्ये हडर्सफिल्डविरुद्ध त्यांच्या मँचेस्टर सिटीचा गोलकीपर एडरसनच्या लांब किकवर अग्वेरोने गोल केला. गोलकीपर चाळीस-पन्नास मीटर लांब मारू शकतो हे माहीत असलं की प्रेस करणाऱ्या टीमचा डिफेन्स पुढे यायला कचरतो. ती भीती मार्टिन यांच्या टीमने कुणालाही कधी घातली नाही.

कोंपनी यांच्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण बायर्नकडे किमिक आहे. हातात जे खेळाडू आहेत त्यांना झेपेल असं खेळवणं हेच मॅनेजरचं काम.

साईडनेट

टॉटनहॅमचे तेव्हाचे मॅनेजर पोस्टेकोग्लू यांचं नाव यायला हवं. नऊ खेळाडू उरले तरी चेल्सीविरुद्ध डिफेन्स मध्यरेषेजवळ ठेवणारा माणूस. मे २०२५ मध्ये बिल्बाओच्या युरोपा लीग फायनलमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला बॉल देऊन टाकला, मागे बसले आणि १-० ने जिंकले. २००८ नंतर टॉटनहॅमचा पहिला करंडक.

कॉर्नरफ्लॅग

आणि त्याच मोसमात लीगमध्ये सतरावे, करंडकानंतर पंधरा-सोळा दिवसांत हकालपट्टी. एका रात्रीसाठी पद्धत बदलता येते. ३८ सामन्यांत दर आठवड्याला वेगळं शिकवलं तर खेळाडू पास द्यायच्या आधी क्षणभर विचार करतो, आणि त्या क्षणात बॉल जातो. मार्टिन हेच टाळत होते.

दहानंबर

दर आठवड्याला बदला असं कुणीच म्हणत नाहीये. समोर दहाच खेळाडू आहेत, तासभर उरलाय आणि गोल होत नाहीये, तेव्हा बॉक्समध्ये आणखी एक उंच स्ट्रायकर आणि विंगवरून लवकर क्रॉस. एवढं सरावात आधीच बसवता येतं.