‘कॉर्पोरेट ग्रीड’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दशोधक: एका लेखात ‘कॉर्पोरेट ग्रीड’ आलंय. ‘नफेखोरी’ लिहिलं तर भागेल का? आणि त्याच्या उलट ‘पीपल फर्स्ट’. ‘माणूस आधी’ कानाला भाषांतरच वाटतं.

रंकाळाकाठ: ‘नफेखोरी’ अंगाला घट्ट होते. नफा अरबी, ‘खोर’ म्हणजे खाणारा, फारसी. मराठीत हा शब्द साठेबाजी-काळाबाजाराच्या पंगतीला बसतो: टंचाईत माल दाबायचा, भाव चढला की बाहेर काढायचा. जीएसटी कायद्याच्या (२०१७) कलम १७१ला नफेखोरीविरोधी तरतूद म्हणतात. तिथंही अर्थ नेमका आहे, कर उतरला पण गिऱ्हाइकाला किंमत उतरवून दिली नाही. कामगार कमी करून वरच्यांचे पगार वाढवणं यात बसत नाही, तिथं ‘हाव’च. ‘लोभ’ मात्र नको. पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो, त्या लोभात माया आहे.

गुळाची ढेप: हाव माणसाची. धंद्याची हाव कागदावर शोधावी लागते, आणि पैसा कुठं मुरला त्यावर आमच्याकडं उसात शब्द बदलतो. वजनात मुरला तर काटामारी. उताऱ्यात, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीत मुरला तर ‘उतारा मारला’. २०२५-२६ची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३५५० रुपये, त्यापुढं दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. साडेअकराचा उतारा अकरा दाखवला की टनाला १७३ रुपये गेले, आणि काटा एकदम चोख! तारखेत मुरला तर ‘बिल थकवलं’. ऊस नियंत्रण आदेश १९६६चा. १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. १४वर आणखी ६० दिवस गेले तर ३५५०वर साधारण ८७ रुपये होतात. बिलावर व्याजाची ही ओळ आहे का, तेवढं बघायचं.

शब्दशोधक: दुधातही काटामारीच म्हणतात?

धारोष्ण: म्हणतात, पण तिथला काटा पुष्कळदा खोटा नसतो, जाडा असतो. १०० मिलीच्या टप्प्यानं वाचायचं आणि खालचा आकडा धरायचा. ४.९८ लिटर घातलं, वहीत ४.९. दोन्ही वेळचे ८०-८० मिली धरले तर वर्षाला ५८ लिटर. १० मिलीचा टप्पा लावला की हे मिटतं. दुसरी गोम किलो-लिटरची. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. काटा आधीच लिटर दाखवत असताना वहीत पुन्हा १.०३नं भागलं, तर शंभर लिटरमागं तीन गेले. फॅटचा नमुना न ढवळता तळातून घेतला तर फॅट कमीच लागणार. म्हशीच्या दुधात फॅटच जास्त, तिथं तूटही जास्त.

आणि ‘पीपल फर्स्ट’ला कोल्हापुरात तयार शब्द आहे, ‘फरक’: वर्षभर घातलेल्या दुधावर दूध संस्था लिटरमागं मागाहून देते ती जादा रक्कम. दिवाळीच्या तोंडावर गावोगाव एकच प्रश्न, “फरक आला का?” रोज ५ लिटर घालणाऱ्याचं वर्षाचं १८२५ लिटर. लिटरला २ रुपये फरक धरला तर ३६५०.

रंकाळाकाठ: शब्द चांगला सापडला. ‘लाभांश’शी लावून बघा. लाभांश शेअरवर मिळतो, फरक दुधावर. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम ६७नं लाभांशाला १५ टक्क्यांचं झाकण घातलंय, निबंधकांच्या परवानगीशिवाय त्यावर जाता येत नाही. कलम ६६प्रमाणं निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत. कंपनीत असं झाकण नाही. ‘ग्रीड’चा खरा विरुद्धार्थी तिथं आहे, पैसा भांडवलावर वाटला की मालावर.

गुळाची ढेप: पण फरकाला दानधर्म समजू नका राव. तुमचाच पैसा वर्षभर ठेवून घेऊन दिलेला असतो. रोजचा दर दाबून दिवाळीला मोठा फरक दाखवता येतोच. वर्षभराची बिलं अधिक फरक, भागिले एकूण लिटर. हा आकडा शेजारच्या संस्थेशी लावून बघावा, नुसत्या फरकाचा लावू नये.

शब्दशोधक: मग ‘ग्रीड’ला ‘कंपन्यांची हाव’ घेतो. ‘फरक’ मात्र पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायचा नाही.

धारोष्ण: ‘माणसं धरून धंदा’ लिहा की.

गुळाची ढेप: ‘धरून’ म्हणजे गळा धरून, असंही वाचतील. ‘माणसं राखून’ करा.