भुऱ्या या कुत्र्याच्या पिल्लाच्या शिकवणीबद्दल (बी विंग ग्रुप)

बी-२०३ काकू: काल लिफ्टपाशी भुऱ्या माझ्या नातीच्या अंगावर चढला. पिल्लू गोड आहे जी, पण पोट्टी घाबरली. काही शिकवून राहिले का त्याले?

बी-४०४: काकू, मनापासून माफी. सव्वातीन महिन्यांचा आहे. पंधरा दिवस झाले 'बस' शिकवतोय. घरात बसतो, खाली आला की विसरतो. शू बाहेर करतो, बिस्कीट खातो, अन् परत हॉलमध्ये करतो.

ए-१०१ काका: बिस्कीट कुठे देता?

बी-४०४: घरी आल्यावर. डबा फ्रिजवर असतो.

ए-१०१ काका: तिथंच चुकतंय. त्याला वाटतं घरात शिरल्याचं बिस्कीट मिळालं. शू संपली की तिथल्या तिथं, दोन सेकंदांच्या आत 'शाब्बास' आणि खाऊ तोंडात. खिशात घेऊनच उतरा. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच खाली न्या. घरात झाली तर मुकाट्यानं पुसून टाका. मागाहून रागावलात तर तो तुम्हाला भिऊन सोफ्यामागे करेल, एवढंच.

बी-४०४: खाऊ किती?

ए-१०१ काका: वाटाण्याएवढा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको, विषारी असतं. जेवणाआधी भूक असताना तीन-चार मिनिटंच शिकवा. घरात जमलं की पॅसेजमध्ये, मग पार्किंगमध्ये. अन् घरातल्या सगळ्यांनी 'बस'च म्हणा. एक 'सिट', दुसरा 'बैठ', मग त्यानं काय समजायचं?

बी-३०२: आमचा मुलगा तर तो उडी मारतो तेव्हाच त्याला उचलून घेतो...

ए-१०१ काका: म्हणजे उडीचं बक्षीस आपण सगळेच देतोय. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात लावा. उडी मारली की पाठ फिरवा. ढकलू नका, त्याला ते खेळणंच वाटतं.

बी-२०३ काकू: अन् माझी नात?

ए-१०१ काका: तिच्यावर जबरदस्ती नको. दहा-बारा फुटांवर दोर धरून उभे राहा. ती दिसली आणि भुऱ्या शांत राहिला, की खाऊ. रोज थोडं जवळ. ऊन उतरल्यावरच, फरशीला हात लावून बघून. आणि लशींचे डोस पूर्ण होईपर्यंत फुटाळा तलावावर नेऊ नका.

बी-४०४: पुढचा डोस शनिवारी, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात. काकू, आज सातला पार्किंगमध्ये येता का? दोर मी घट्ट धरतो.

बी-२०३ काकू: येतो. नात विचारून राहिली, दुरून 'शाब्बास' मी म्हणू का म्हणून.

ए-१०१ काका: तिलाच म्हणू द्या.